न बांधलेल्या मजल्यांची घरपट्टी

7 नोव्हेंबर 2022 हा सरन्यायाधीश उदय लळीत यांचा कामकाजाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी लागला आणि देशभर त्याचीच चर्चा झाली. त्याच दिवशी त्यांच्या खंडपीठाने आणखी एक निकाल दिला, तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. मुंबई महानगरपालिका विरुद्ध प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन, असं त्या खटल्याचं नाव. वाद घरपट्टीचा होता. मालमत्ता ज्यांच्या पोटापाण्याशी बांधलेली आहे, म्हणजे चाळमालक, भूखंडधारक, बिल्डर, त्यांनी मात्र तो निकाल शब्दन् शब्द वाचला असणार.

खटल्याचा गाभा सांगायला एक भूखंड पुरतो. समजा, हजार चौरस मीटरचा तुकडा आहे. परवापर्यंत त्यावर पत्र्याची शेड होती, आता पाया खणला जातोय. नियमावलीप्रमाणे त्यावर अडीच हजार चौरस मीटर बांधकाम होऊ शकतं. पालिका म्हणे, जमिनीची किंमत धरताना हे अडीच हजार हिशेबात घेऊ. मालक म्हणे, अहो, इथे अजून खड्डा आहे, त्यात पाणी साचलंय. जे मजले उभेच नाहीत त्यांची घरपट्टी कसली मागता? पालिकेच्या भाषेत अशा जागेला ‘लँड अंडर कन्स्ट्रक्शन’ म्हणतात. मुंबईत परवानग्या, न्यायालयीन स्थगित्या, भाडेकरूंची भांडणं यांत एखादी इमारत वर्षानुवर्षं रखडते. तेवढी वर्षं बिलं येतच राहतात, आणि त्या बिलाचा बोजा कुठेतरी सदनिकेच्या दरात उतरतो.

हे भांडण आजकालचं नाही. मुंबईत लोकनियुक्त महापालिका आली तीच मुळी घरपट्टी भरणाऱ्यांच्या संतापातून. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला. कापसाच्या तेजीचा फुगा त्याच वर्षी फुटला होता, पण क्रॉफर्डचा हात आखडला नाही. रस्ते, गटारं, त्याच्या नावाची मंडई, सगळं त्याने झपाट्याने केलं. शहर सुधारलं, यात वाद नाही. पैसा करदात्यांचा गेला, यातही नाही. 1871 मध्ये करदात्यांचा उठाव झाला. तेव्हा शहराचा कारभार पाहणाऱ्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या सभेत जेम्स फोर्ब्सने कमिशनरचे अधिकार काढून घेण्याचा ठराव मांडला. नवरोजी फर्दुनजींसारखे पुढारी करदात्यांच्या बाजूने उभे होते.

त्या गदारोळात तिशीही न गाठलेला एक बॅरिस्टर प्रवाहाविरुद्ध बोलला. फिरोजशहा मेहतांनी नोव्हेंबर 1871 मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं की दोष एका क्रॉफर्डचा नाही; कर भरणाऱ्यांनी निवडलेले लोक सभागृहात नाहीत, हे खरं दुखणं. श्रोत्यांना ते तेव्हा रुचलं नाही. पण 1872 च्या कायद्याने 64 सभासदांची कॉर्पोरेशन ठरवली आणि त्यातले 32 करदात्यांनी निवडायचे असं झालं. मताचा अधिकार वर्षाला 50 रुपयांच्या वर पट्टी भरणाऱ्यालाच. म्हणजे आपली स्थानिक लोकशाही आधी घरमालकांची होती, जनतेची नंतर झाली. घरमालकांच्या संघटना आजही पालिकेच्या दारात जरा हक्काने जातात, त्यामागे हा इतिहास आहे असं मला वाटतं.

पुढे 1888 चा महानगरपालिका अधिनियम आला. त्यातल्या कलम 154 ने करपात्र मूल्याची रीत घालून दिली. एखादी इमारत दरसाल वाजवी भाड्याने दिली तर किती भाडं येईल, ते धरायचं. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे. उरेल त्यावर पट्टी. साधी, सरळ, विलायतेहून आलेली पद्धत. भाडं बाजारात ठरत होतं तोवर ती चाललीही.

पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई झाली आणि 1918 मध्ये भाड्यांवर निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशी पुन्हा आले. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचं भाडं हेच प्रमाण भाडं ठरवून टाकलं. तारीख गोठली, भाडं गोठलं, पण चुना, विटा, गवंड्याची मजुरी काही गोठली नाही. गिरगावातल्या, परळमधल्या चाळमालकाला खोलीचं महिन्याचं जे भाडं मिळे त्यात पुढेपुढे एक कौलही बदलता येईना. मालकांनी दुरुस्ती सोडली, घरं पडू लागली, सरकारने 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि 19,642 इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, म्हणून नोंदल्या गेल्या. पावसाळा आला की ‘धोकादायक’ची यादी लागते, ती याच इमारतींची.

आता यातली गंमत बघा. गोठलेल्या भाड्याने मालकाचं कंबरडं मोडलं, पण त्याच भाड्याने त्याची घरपट्टीही थोपवून धरली. कारण सर्वोच्च न्यायालयाने 1962 च्या पद्मादेवी खटल्यापासून 1980 च्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यापर्यंत एकच सूत्र लावून धरलं: कायद्याने जेवढं भाडं घेता येतं त्याहून जास्त भाडं धरून कर लावता येणार नाही. मालकाने पागडी म्हणून आतून किती घेतले, याच्याशी पालिकेला कर्तव्य नाही. परिणाम असा की मलबार हिलवरचा 1940 आधीचा ऐसपैस ब्लॉक नाममात्र पट्टी भरत राहिला आणि बोरिवलीला नव्या इमारतीत कर्ज काढून दोन खोल्या घेतलेला कारकून चौरस फुटामागे त्याच्याहून जास्त भरू लागला. नव्या इमारतीला आड लपायला जुनं भाडं नव्हतं.

घरमालकांच्या आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांचे रस्ते इथे फुटतात, हे सहसा कुणी सांगत नाही. बाहेरच्यांना दोघे एकच वाटतात. चाळमालकाचं दुःख भाडं. कर त्याला परवडत होता. बिल्डरचं दुःख कर. भाड्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, तो विकून मोकळा होत होता. 1982 मध्ये मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री स्थापन केली, तीच आताची क्रेडाई-एमसीएचआय. तोवर शहरातल्या नव्या बांधकामाचा मोठा भाग सहकारी सोसायट्यांच्या मालकी हक्कावर विकला जात होता, आणि भाड्याने द्यायला इमारत बांधणारा माणूस मुंबईत औषधालाही उरला नव्हता.

घरमालकांच्या प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनची मोठी लढाई वेगळीच होती. 1986 मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार उपकरप्राप्त इमारतीतले सत्तर टक्के भाडेकरू एकत्र आले तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन होऊ शकते. गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे काय, ते वाचकाने आपलं आपण गुणून पाहावं. संघटना 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण पाच, मग सात, मग नऊ न्यायमूर्तींकडे चढत गेलं आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी सुटलं: प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या अनुच्छेद 39(ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. बत्तीस वर्षं! त्या अवधीत मूळ वादातल्या किती इमारती धड उभ्या राहिल्या असतील?

भाड्याच्या आघाडीवर बदल त्याआधीच झाला होता. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 19 डिसेंबर 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. कायद्याची मुदत काही महिन्यांत संपतच होती, म्हणून तो रद्द केला नाही इतकंच. मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, आणि बँका व मोठ्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारं संरक्षण गेलं. मालकांनी भाड्याची बाजी निम्मी जिंकली, पण त्यांची घरपट्टी ज्या गोठलेल्या आकड्याच्या आडोशाला होती तो आडोसाही विरघळू लागला.

इथे जरा सातासमुद्रापलीकडे. 6 जून 1978 रोजी कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन 13’ मंजूर झालं. घराची किंमत 1975 च्या पातळीवर धरा, कर एक टक्क्याच्या वर नको, आणि घर विकलं जाईपर्यंत वाढ वर्षाला दोन टक्क्यांपर्यंतच. ही चळवळ पेटवणारा हॉवर्ड जार्व्हिस लॉस एंजेलिसच्या अपार्टमेंट-मालकांच्या संघटनेचा पगारी माणूस होता. भाडेकरूंना सांगितलं गेलं की मालकांचा कर उतरला की तुमचं भाडं उतरेल. भाडं काही उतरलं नाही, आणि वर्षभरात सांता मोनिकासारख्या गावांनी भाडेनियंत्रणच आणलं. आपल्याकडे भाडं गोठल्यामुळे कर गोठला. तिथे कर गोठवला म्हणून भाडं गोठवावं लागलं. इंग्लंडमध्येही घरांच्या करश्रेणी अजून 1 एप्रिल 1991 च्या किमतींवर बेतलेल्या आहेत. जुनी तारीख धरून बसायची सवय काही आपलीच नाही.

मुंबईने हा गुंता सोडवायला भाडं हा आधारच टाकून दिला. 2009 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्य आलं. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारभावाचा दर, त्याला क्षेत्रफळाने गुणायचं, मग वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला यांचे भारांक. जुन्या दक्षिण मुंबईला एकदम चटका बसू नये म्हणून पहिल्या टप्प्यात निवासी कर दुपटीच्या आणि बिगरनिवासी तिपटीच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी मेखही मारली. पुण्याने अजून वार्षिक करपात्र मूल्याचीच पद्धत ठेवली आहे. तिथली भांडणं वेगळी: स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून मिळणारी चाळीस टक्के सवलत सरकारने काढली आणि ओरड झाल्यावर 2023 मध्ये परत दिली.

भांडवली मूल्याला तत्त्वतः विरोध करणं अवघड होतं. बिल्डरांना तर ते एका अर्थी सोयीचं, कारण जुन्या-नव्या इमारतींतला अन्याय त्याने कमी होणार होता. कळ होती नियमांत. नियम क्रमांक 20 म्हणे, जमिनीची किंमत तिच्यावर मिळू शकणाऱ्या चटई क्षेत्रासह धरा. त्यात हे नियम प्रत्यक्षात मार्च 2012 मध्ये आले आणि लागू केले 2010 पासून. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये कायदादुरुस्ती वैध ठरवली, पण 2010 आणि 2015 च्या नियमांतले 20, 21 आणि 22 हे नियम रद्द केले. पालिका वर गेली. तोवर 1 जुलै 2017 पासून जकात गेली होती आणि पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराला पूर्वी नव्हतं इतकं वजन आलं होतं. पालिका सहजी सोडणार नव्हती हे उघड आहे. शिवाय 2022 च्या सुरुवातीलाच पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा झाली होती, म्हणजे भरणाऱ्यांची यादी आणखी आखूड.

सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची री ओढली. जमीन आज जशी आहे, इमारत आज जशी आहे, तेच मूल्य. उद्या काय होऊ शकेल, ते आजच्या करात धरता येणार नाही. मागच्या तारखेपासून आकारणीही नाही.

हे सगळं मुंबईचं झालं. आता हाच प्रश्न ग्रामपंचायतीच्या हद्दीत कसा दिसतो, ते पाहायला पश्चिम रेल्वेने बोईसरला उतरू. स्टेशनाच्या पश्चिमेला तारापूर औद्योगिक वसाहत ओलांडून समुद्राकडे गेलं की नवापूर, दांडी, उच्छेळी ही किनाऱ्याची गावं लागतात. (गांधीजींची दांडी गुजरातेत, आमच्याकडे येणारे पाहुणे एकदा तरी विचारतातच.) मांगेल्यांची, भंडाऱ्यांची वस्ती. अणुऊर्जा केंद्र फार दूर नाही. ते 1969 पासून वीज देतंय. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याने समुद्रात जातं आणि त्या पाण्यापायी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला 2016 मध्ये हरित न्यायाधिकरणात जावं लागलं.

बोईसरला बिल्डर आले ते हळूहळू, मग एकदम. 2009 च्या मे महिन्यात टाटा हाउसिंगने इथे ‘शुभगृह’ जाहीर केलं, सुरुवातीची किंमत 3.90 लाख, आणि मुंबईतल्या भाडेकरूने पहिल्यांदाच बोईसर नकाशात शोधलं. 16 एप्रिल 2013 रोजी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. बुलेट ट्रेनच्या मार्गावर बोईसर स्थानक आहे. क्रेडाई-एमसीएचआयची पालघर-बोईसर शाखाही आली. आणि एवढ्या सगळ्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी ग्रामपंचायतींच्या हद्दीत. ना महापालिका, ना नगरपरिषद. ग्रामसेवक, शिपाई आणि कपाटातली नमुना 8 ची वही.

ती वही जवळून पाहण्यासारखी असते. नमुना 8 म्हणजे कर आकारणी नोंदवही, 9 म्हणजे मागणी, 10 म्हणजे पावती. आठच्या उताऱ्यावर मिळकत क्रमांक, मालकाचं नाव, शेजारच्या रकान्यात भोगवटादाराचं, मग ‘कौलारू’, ‘पक्के आर.सी.सी.’ असं वर्णन, लांबी-रुंदी, आणि शेवटी घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. गावठाणातल्या पुष्कळ घरांना दुसरा कागदच नाही. बँक नाही म्हणते, पण वीज मंडळ, शाळा, रेशन या सगळ्यांना हाच उतारा चालतो. म्हणून इथला माणूस घरपट्टी चुकवत नाही. पावती म्हणजे त्याच्या घराचा पुरावा.

या वहीचे रकानेही मुंबईसारखेच बदलत गेले. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम 124 आणि 1960 चे कर व फी नियम, हा पाया. 1999 च्या डिसेंबरात नियम बदलले आणि घरपट्टी चौरस फुटावर आली. ही पद्धत सोपी होती, ग्रामसेवकाला टेप लावून जागेवर हिशेब सांगता येई. पण किनाऱ्यावरचं घर आणि हमरस्त्याला लागलेलं दुकान एका मापात कसं मोजायचं, हा प्रश्न उरलाच, आणि ती पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने भांडवली मूल्य आणलं. जमिनीला रेडी रेकनरचा दर, बांधकामाला बांधकामाचा दर, त्यातून घसारा वजा, वापराचा भारांक, आणि आलेल्या मूल्याला दर हजारी कर. उताऱ्यावर रकाने वाढले. गावातल्या शिकलेल्या पोरालाही गुणाकार एकदा करून पाहावा लागतो.

माझा आक्षेप इथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने उद्याचे मजले आजच्या करातून बाहेर काढले. पण रेडी रेकनरच्या दरात उद्याच तर भरलेला असतो! जमिनीच्या व्यवहारांवरून दर ठरतात, आणि व्यवहार होतात ते बंदर येणार, स्थानक येणार, रस्ता रुंद होणार या हिशेबाने. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला याच किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे, कारण मासळी कमी होईल ही धास्ती. म्हणजे बोट घेऊन जाणाऱ्याचं उत्पन्न घटायची शक्यता आणि त्याच्या घराखालच्या जमिनीचा कागदावरचा भाव चढायची शक्यता, दोन्ही एकाच प्रकल्पातून. घर तेच, ओटा तोच, बोंबील सुकवायच्या बांबूंच्या ओळी त्याच; फेरआकारणी दर चार वर्षांनी. विकायला काढलेल्या फ्लॅटच्या मालकाला भाव चढल्याचा आनंद असतो. गावठाणातल्या घराला विक्रीच नाही, त्याला नुसता चढलेला आकडा मिळतो.

मुंबईच्या निकालाचा इथे थेट आधार घेता येत नाही. तो 1888 च्या अधिनियमातल्या तरतुदींवर आणि मुंबईच्या नियमांवर उभा आहे. ग्रामपंचायतीचा कायदा निराळा. दांडीच्या घरमालकाच्या हातात हरकतीची मुदत, ग्रामसभा आणि पंचायत समितीकडचं अपील, एवढीच हत्यारं आहेत. कारखानदारांचं बरं आहे: कायद्यातच कलम 125 आहे, कराऐवजी ग्रामपंचायतीला ठोक रक्कम देण्याचं. एखादी मच्छीमार सोसायटी ठोक रकमेची बोलणी करायला गेली तर ग्रामसेवक चहा पाजून परत पाठवेल.

बिल्डरांच्या संघटना मात्र दर वर्षी मार्च जवळ आला की सरकारदरबारी निवेदन घेऊन जातात: रेडी रेकनरचे दर वाढवू नका. त्यांचा हेतू मुद्रांक शुल्क आणि प्रीमियम वाचवण्याचा, कारण हे दोन्ही त्याच दरांवर ठरतात. 2023 आणि 2024 मध्ये सरकारने दर जैसे थे ठेवले, 1 एप्रिल 2025 पासून वाढवले. ज्या वर्षी ते निवेदन मानलं जातं त्या वर्षी दांडीच्या गावठाणातल्या भांडवली मूल्याचा पहिला आकडाही जागचा हलत नाही. बोईसरच्या साइट ऑफिसात बसलेल्या बिल्डरला हे सांगितलं तर तो हसेल, आणि दांडीतल्या तांडेलाला सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही.